लॅप्स

हसायला नको होतं मी, एवढंच खरं. 2019 चा जानेवारी, संक्रांत तोंडावर आलेली, रिटायर होऊन जेमतेम सहा महिने झालेले आणि लेकीकडे व्हर्जिनियाला गेले होते. सरकारी शटडाऊन चालू होता पण लेक म्हणाली जाऊन तर बघू, नसेल उघडं तर बाहेरून फोटो काढू. मेट्रोने वॉशिंग्टनला गेलो. थंडी अशी की नाक पुसायला हातमोजा काढला की बोटं गेलीच म्हणून समजा. आणि म्युझियमच्या त्या भल्याथोरल्या दाराला एक साधा कागद चिकटवलेला, चार कोपऱ्यांना चिकटपट्टी, त्यातला एक कोपरा सुटून वाऱ्यावर फडफडत होता. सरकारी पैशाची मंजुरी लॅप्स झाल्यामुळे बंद आहे, असं काहीतरी. मी इंग्रजी सावकाश वाचते पण तो एक शब्द मला लांबूनच दिसला. लॅप्स, म्हणजे मुदत उलटली की मंजुरी रद्द. चौतीस वर्षं ट्रेझरीत, म्हणजे सरकारी कोषागारात, काढलीयेत हो मी, त्या शब्दाशी माझा संसार झालाय. मी मोठ्याने हसले आणि म्हणाले, अगं बाई, इथे पण ग्रँट लॅप्स होते!

दाराशी गार्ड उभा होता, पन्नाशीचा असेल. त्याने लेकीला विचारलं आई काय म्हणाली, आणि आमची लेक भोळी, तिने सगळं भाषांतर करून सांगितलं. तो हसला, पण पाहुण्यांशी हसावं तेवढंच. म्हणाला, मंजुरी लॅप्स झाली पण माझी ड्यूटी नाही झाली, 11 तारखेला पगाराची स्लिप आली त्यावर शून्य होतं. मग जवळपास कुठलं बाथरूम उघडं आहे ते त्याने हाताने दाखवलं, उजवीकडे, मग डावीकडे. ते शून्य माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच.

ट्रेझरीतला 31 मार्च ज्याने बघितला नाही त्याला सांगून कळायचा नाही. अकरा महिने झोपलेली सगळी खाती त्या दिवशी एकदम जागी होतात. जीप भरभरून बिलं येतात, सुतळीने बांधलेले गठ्ठे, शाईचे डाग, स्टॅम्पपॅड कोरडं पडलं म्हणून त्यावर थुंकणारा शिपाई (खोटं नाही सांगत), रात्री अकराला सातवा चहा आणि ट्यूबलाईटभोवती किडे. ग्रँट आहे ना, मग खर्ची पडली पाहिजे, नाहीतर परत जाईल. मार्च महिन्यात रस्त्यावर अचानक डांबर का पडतं हे मराठी माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. आणि आम्ही टेबलाच्या या बाजूला बसलेले, आमच्या हातात काय, तर तारीख. कलेक्टर येऊ दे नाहीतर मंत्र्याचा फोन येऊ दे, तारीख उलटली की संपलं. मला त्याचा अभिमान होता, आजही थोडा आहे.

म्युझियम नाही तर नाही म्हणून आम्ही चालत व्हिएतनामच्या भिंतीकडे, त्या युद्धात मेलेल्या अमेरिकन सैनिकांच्या स्मारकाकडे गेलो, ती उघड्यावरच आहे, तिला दार नाही की कुलूप नाही. जावईबापू तिथेच भेटले. ते म्हणाले, आई, हा काळा दगड आपल्याकडचा आहे, बंगलोरचा ग्रॅनाईट. इतका घासून चकचकीत केलेला की अठ्ठावन्न हजारांवर नावांमध्ये मला माझी माकडटोपी दिसत होती. नावं एबीसीडीने लावलेली नाहीत, जसजशी माणसं गेली तसतशी कोरलीयेत, मधल्या कोपऱ्यातून 1959 ला सुरुवात होऊन उजवीकडे जातात, मग डावीकडच्या टोकाकडून परत मध्ये येतात आणि 1975 ला त्याच कोपऱ्यात संपतात. म्हणजे पहिला आणि शेवटचा शेजारी शेजारी. मी त्या कोपऱ्यात उभी होते तेव्हा जावईबापू मला चिडवायला म्हणाले, आई, तुमच्या लाईनचं आहे बघा, हे युद्धही शेवटी ग्रँट लॅप्स करूनच थांबवलं म्हणतात.

थट्टा वाटली मला. पण मग तीन महिने दुसरं काही सुचलं नाही, लायब्ररीतून पुस्तकं आणायची आणि डिक्शनरी घेऊन किचनच्या टेबलावर बसायचं, लेक म्हणायची आई तू परत ऑफिसला जायला लागलीस.

तर अमेरिकेच्या घटनेत लिहिलंय की कायद्याने मंजूर केल्याशिवाय खजिन्यातून पैसा निघणार नाही, हे आपल्याकडेही आहेच, विनियोजन विधेयक पास झाल्याशिवाय एक रुपया काढता येत नाही. पण त्यांनी आणखी एक खुंटी मारून ठेवलीये, सैन्यासाठी दोन वर्षांच्या वर पैसा एकदम मंजूर करायचाच नाही. ज्याने कुणी हे लिहिलं तो माझ्यासारखाच खवट असणार. एवढी चावी हातात असून काँग्रेसने, म्हणजे त्यांच्या संसदेने, केलं काय, तर 1964 च्या ऑगस्टमध्ये व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातात अमेरिकन जहाजांवर झालेल्या कथित हल्ल्यावरून प्रेसिडेंट जॉन्सनला मोकळा हात देणारा ठराव केला, हाऊस या खालच्या सभागृहात 416 विरुद्ध शून्य, सिनेट या वरच्या सभागृहात 88 विरुद्ध 2. परत शून्य. आणि त्यानंतर दरवर्षी युद्धावर तावातावाने भाषणं करायची आणि त्याच युद्धाच्या पैशाला हात वर करायचा. हे मला अगदी ओळखीचं वाटलं. आपल्याकडे पुरवणी मागण्यांवर विरोधक सरकारची सालटी काढतात आणि संध्याकाळी मागण्या आवाजी मतदानाने मंजूर. तिकडे अडचण अशी की पैसा तोडा म्हटलं की लगेच समोरचा विचारणार, मग काय आपल्या पोरांना गोळ्यांशिवाय जंगलात सोडायचं का? या प्रश्नाला मत मागणाऱ्या माणसाकडे उत्तर नसतं.

म्हणून तारीख. पैसा आज बंद नाही करायचा, अमुक तारखेनंतर बंद, तोवर पोरांना घरी आणा. 1970 मध्ये प्रेसिडेंट निक्सनने व्हिएतनामशेजारच्या कंबोडियात सैन्य घुसवलं, त्याविरुद्धच्या निदर्शनात केंट स्टेट विद्यापीठात चार विद्यार्थी गोळीबारात मेले, आणि त्या उन्हाळ्यात सिनेटमध्ये मॅकगव्हर्न आणि हॅटफिल्ड या दोघांनी असा तारखेचा प्रस्ताव आणला. मॅकगव्हर्न दुसऱ्या महायुद्धात स्वतः बॉम्बर चालवलेला माणूस. मतदानाआधी तो सगळ्यांच्या तोंडावर म्हणाला की या सभागृहाला रक्ताचा वास येतोय, इथे बसलेला प्रत्येक जण त्या पोरांच्या मरणाला थोडाथोडा जबाबदार आहे. प्रस्ताव पडला, 55 विरुद्ध 39. कूपर आणि चर्च यांचा कंबोडियात जमिनीवरचं सैन्य ठेवायला मनाई करणारा प्रस्ताव मात्र घासूनपुसून वर्षाअखेर पास झाला. जमिनीवरचं. आकाशाबद्दल त्यात काही नव्हतं, आणि सरकारी कागदात जे लिहिलेलं नसतं तिथूनच गाडी जाते हे मला कुणी शिकवायला नको.

1973 च्या जानेवारीत पॅरिसला करार झाला, मार्चअखेर शेवटचे सैनिक आणि कैदी घरी आले. म्हणजे गोळ्यांशिवाय पोरांचं काय, हा प्रश्नच संपला. तरी कंबोडियातल्या ख्मेर रूज या कम्युनिस्ट बंडखोरांवर बी-52 विमानं जातच होती, फेब्रुवारी ते ऑगस्ट सुमारे अडीच लाख टन बॉम्ब. पेंटागॉनला, म्हणजे त्यांच्या संरक्षण खात्याला, पैसा कमी पडला, त्यांनी या हेडचा पैसा त्या हेडला फिरवायची परवानगी मागितली. आमच्याकडे याला पुनर्विनियोजन म्हणतात आणि मी हे वाचून खुर्चीत सरळ बसले, कारण सगळी गंमत कायम तिथेच असते! 10 मे ला हाऊसने 219 विरुद्ध 188 मतांनी ती परवानगी नाकारली. संरक्षण खात्याचं म्हणणं पडलं की नाकारलीत तरी आम्ही भागवू कुठूनतरी. तेव्हा मिझुरीचा सिनेटर ईगलटन याने जो मसुदा केला तो मी वहीत उतरवून घेतलाय, त्यात फक्त या कायद्यातला पैसा नाही म्हटलेलं, या किंवा इतर कुठल्याही कायद्याखाली मंजूर झालेला पैसा वापरायचा नाही. सगळी भोकं बुजवली. असा मसुदा करणाऱ्या माणसाला मी ट्रेझरीत माझ्या शेजारचं टेबल दिलं असतं.

निक्सनने 27 जूनला व्हेटो मारला. तो फिरवायला दोन तृतीयांश मतं लागतात, 241 विरुद्ध 173 झाली, म्हणजे 35 मतं कमी पडली. पण त्यांचं आर्थिक वर्ष तेव्हा 30 जूनला संपायचं, तो त्यांचा 31 मार्च. आणि विरोधकांनी ठरवलं की आता जे जे बिल पास व्हायलाच हवं, सरकारचा रोजचा खर्च असो की कर्जाची मर्यादा असो, त्या प्रत्येकाच्या शेपटीला हेच कलम बांधायचं. मार व्हेटो, बघू किती वेळा मारतोस, पगार तुझ्या सरकारचे अडकतील. त्याच आठवड्यात व्हाइट हाऊसचा माजी वकील जॉन डीन वॉटरगेट घोटाळ्याच्या चौकशी कमिटीसमोर बसून निक्सनचं एकेक बाहेर काढत होता, माणूस आधीच कोंडीत. शेवटी तडजोड झाली. जेराल्ड फोर्ड तेव्हा हाऊसमध्ये निक्सनच्या पक्षाचा नेता, त्याने कॅलिफोर्नियात निक्सनला फोन लावून होकार घेतला आणि सभागृहात येऊन सांगितलं. आता मंजूर झालेला आणि यापूर्वी मंजूर झालेला कुठलाही पैसा उत्तर व्हिएतनाम, दक्षिण व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियात, जमिनीवर, आकाशातून किंवा किनाऱ्याजवळच्या समुद्रातून लढण्यासाठी थेट किंवा आडमार्गाने खर्च करता येणार नाही. 1 जुलैला निक्सनची सही झाली. बंदी लागू होण्याची तारीख, 15 ऑगस्ट 1973.

15 ऑगस्ट!

मी तेव्हा सातवीत होते, माण तालुक्यातल्या आमच्या गावात. बहात्तरचा दुष्काळ आमच्या घरात अजून संपलेला नव्हता. आण्णा वर्षभर दुष्काळी कामावर खडी फोडत होते, आईने हाताला चिंध्या बांधून दिलेल्या, तरी संध्याकाळी भाकरी मोडताना त्यांचा अंगठा वळायचा नाही. आणि भाकरी कसली, तर मिलो. अमेरिकेची लाल ज्वारी, रेशनवर मिळायची, तव्यावर टाकली की वेगळाच वास सुटायचा, गुरं पण तोंड फिरवतात म्हणायचे लोक, आणि आम्ही खायचो. त्या वर्षी पाऊस पडला, कामं बंद झाली, पण आण्णांची शेवटच्या पंधरवड्याची मजुरी काही आलेली नव्हती. 15 ऑगस्टला शाळेच्या मैदानात चिखल होता, झेंडा वर जाऊन अडकला, गुरुजींनी दोरीला झटके दिले तेव्हा फुलं पडली. एक लिमलेटची गोळी मिळाली, ती मी अर्धी चोखून कागदात गुंडाळून भावाला आणली. त्याच दिवशी तिकडे विमानं थांबली. ज्या देशाची ज्वारी पोटात होती त्या देशाची. मला कंबोडिया हा शब्दसुद्धा माहिती नव्हता.

हे वाचलं त्या रात्री मी खूष होते, खोटं कशाला बोलू. मोर्चे काढून, पेपरात लिहून, पोरं मरून जे थांबलं नाही ते बिलातल्या एका ओळीने थांबलं. अकाउंट्सवाल्यांना कुणी हिरो म्हणत नाही, त्या रात्री मला वाटलं म्हणावं.

पण मग मी परत मागे गेले, कारण एक आकडा खटकत होता. 1 जुलै ते 15 ऑगस्ट, पंचेचाळीस दिवस. ते पंचेचाळीस दिवस काय? ईगलटन स्वतः या तडजोडीच्या विरोधात उभा राहिला होता. त्याचा मुद्दा सरळ होता, आजवर कंबोडियावरच्या बॉम्बिंगला काँग्रेसची परवानगीच नव्हती, 15 ऑगस्टनंतर बंद असं लिहिताय म्हणजे 15 ऑगस्टपर्यंत चालू ठेवा असं तुम्ही पहिल्यांदा लिहून देताय. मला हे आधी कळायला हवं होतं. मार्चएंडचं दुसरं तोंड तेच आहे ना, 31 तारखेपर्यंत खर्च करायला मुभा. शेवटच्या दिवसापर्यंत विमानं उडत राहिली.

ब्रुकलिनची खासदार एलिझाबेथ होल्ट्झमन काही एअरफोर्स अधिकाऱ्यांना बरोबर घेऊन कोर्टात गेली, की हे बॉम्बिंग घटनेविरुद्ध आहे, तारखेपर्यंत तरी का थांबायचं. 25 जुलैला खालच्या कोर्टाचा जज्ज जड याने ते मान्य केलं, वरच्या कोर्टाने त्याला स्टे दिला. कोर्टाला उन्हाळी सुट्टी, सुप्रीम कोर्टाचा जस्टिस डग्लस आपल्या गावाकडे, वॉशिंग्टन राज्यात याकिमा म्हणून गाव आहे तिथे, वकील तिथे गेले. डग्लस म्हणाला हे फाशीच्या अर्जासारखं आहे, माणसं मरणार आहेत, आणि 4 ऑगस्टला त्याने बॉम्बिंग थांबवा म्हणून ऑर्डर काढली. काही तासांत जस्टिस मार्शलने बाकीच्यांना फोन लावून ती फिरवली. उरले होते अकरा दिवस, त्यासाठी कोण एवढं ताणतंय.

6 ऑगस्टला नेआक लुओंग. मेकाँग नदीच्या काठचं गाव, आपल्याच बाजूचं, म्हणजे अमेरिका ज्यांना मदत करत होती त्यांच्याच ताब्यातलं. विमानांना दिशा कळावी म्हणून गावाच्या मध्ये सिग्नल देणारं यंत्र बसवलेलं होतं, त्यापासून अंतर धरून बॉम्ब टाकायचे. त्यासाठी विमानात एक बटण फिरवावं लागतं. ते फिरवायचं राहिलं. बी-52 ने आपला सगळा माल सिग्नलवरच टाकला, गावाच्या मधोमध. 137 माणसं मेली, 268 जखमी. नेव्हिगेटरला 700 डॉलर दंड झाला.

मी वही बंद केली आणि लेकीची भांडी घासायला घेतली, डिशवॉशर होता तरी.

पुढचं तर सगळ्यांना माहितीये. विमानं थांबली, कंबोडियातली लढाई थांबली नाही, 1975 च्या एप्रिलमध्ये फोर्ड, आता प्रेसिडेंट, सायगाववाल्यांच्या, म्हणजे दक्षिण व्हिएतनामच्या, लष्करासाठी 72 कोटी 20 लाख डॉलर मागत होता आणि काँग्रेसने ते दिले नाहीत, 17 एप्रिलला कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह पडली, 30 ला सायगाव. ख्मेर रूजच्या राज्यात पंधरा-वीस लाख माणसं गेली. काही लोक म्हणतात बघा, पैसा तोडल्याचं हे फळ. जावईबापूंचं तेच मत, आमची त्यावरून जेवताना चांगली जुंपली. मला नाही पटत, अडीच लाख टनांनी जे झालं नाही ते पाच लाखांनी झालं असतं असं मानायला मला कारण दिसत नाही, उलट त्या बॉम्बांनीच खेड्यातली पोरं ख्मेर रूजकडे गेली असं बऱ्याच जणांनी लिहिलंय. पण मी जिंकले असंही वाटलं नाही. पुढे सोमालियात, मोगादिशूला 18 सैनिक मेल्यावर, 31 मार्च 1994 नंतर पैसा बंद असं कलम घातलं (31 मार्च, बघा!) आणि सैनिक परत आले. 2007 मध्ये इराकसाठी तारीख घातलेलं बिल मात्र बुशने व्हेटो केलं, मतं पुरली नाहीत, पैसा तारखेशिवाय गेला. म्हणजे हत्यार चालतं, पण ते उचलेपर्यंत सगळ्यांचे हात इतके दमलेले असतात की जी पहिली तारीख मान्य होईल ती घेतात.

आता जे सांगायचं टाळत होते ते. नव्वदच्या दशकातला एक 31 मार्च, रात्रीचे नऊ. रोजगार हमीच्या एका बांधबंदिस्तीच्या कामाचं मजुरीचं बिल घेऊन एक क्लार्क आला, एसटी चुकली म्हणून दुधाच्या टेम्पोतून आलेला, शर्टाला दुधाचा आंबूस वास. बिलात आकड्यात 18,640 आणि अक्षरी, अठरा हजार सहाशे चा फक्त. चाळीसमधला ळीस लिहायचा राहिला होता. दुरुस्तीवर साहेबाची सही लागणार आणि साहेब चाळीस किलोमीटरवर. क्लार्क म्हणाला मॅडम, मी लिहितो ना ळीस. मी लाल शाईने ऑब्जेक्शन लिहिलं आणि बिल परत दिलं. नियमाने बरोबरच होतं ते, आजही कुणी ऑडिट केलं तर मला दोष नाही देणार. ग्रँट लॅप्स झाली, नवीन मंजुरी येऊन मजुरी वाटायला जून उजाडला. त्या मस्टरवर किती अंगठे होते ते मी मोजले नव्हते. खडी फोडणाऱ्या माणसाची मुलगी मी, आणि त्या रात्री घरी जाऊन शांत झोपले कारण टेबल रिकामं झालं होतं.

तो शटडाऊन पस्तीस दिवस चालला, 2025 ला तर त्रेचाळीस. मागचे पगार नंतर मिळाले म्हणे सगळ्यांना. त्या दिवशी भिंतीकडून मेट्रोकडे परत येताना आम्ही म्युझियमवरूनच आलो, अंधार पडायला लागला होता. माझ्या पर्समध्ये तिळगुळाची पुडी होती आणि मनात होतं की त्या गार्डला द्यावी, काय म्हणून देणार ते ठरत नव्हतं, लेकीला भाषांतर करायला लावणार का परत? पण तिथे दुसराच कुणीतरी उभा होता, तरुण, कानटोपी घातलेला. पुडी तशीच घरी आली. दारावरच्या कागदाचा तो सुटलेला कोपरा मात्र कुणीतरी नवीन चिकटपट्टी लावून नीट बसवला होता.